हजेरीपटापासून सुरुवात : समुपदेशक नसलेल्या शाळेने मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यावी

काही वर्षांपूर्वी सातवीचा हजेरीपट चाळताना एका मुलीच्या नावापुढे जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत बारा गैरहजेऱ्या दिसल्या. बारा म्हणजे फार नव्हेत. पेरणी-खुरपणीच्या दिवसांत आमच्याकडे त्याहून जास्त दांड्या होतात आणि त्याबद्दल कोणी कोणाला फारसे विचारत नाही. पण तारखांवर बोट ठेवून वार मोजले, तेव्हा बारांपैकी नऊ शुक्रवार निघाले. त्या गावचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. बाजाराच्या रात्री वडील पिऊन येत, आई दोन्ही लेकरांना घेऊन दहा किलोमीटरवरच्या आजीकडे निघून जाई आणि शनिवारी सकाळी परस्पर शाळेत आणून सोडी. शनिवारी ही मुलगी वेणी न घालता, गुरुवारचेच दप्तर घेऊन येते, हे वर्गशिक्षिकेला आठवत होते. शुक्रवार मात्र कोणाच्याच लक्षात आले नव्हते, कारण हजेरीपट आपण महिनाअखेरीस बेरजेसाठी उघडतो, वारांसाठी उघडत नाही. (ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत.)

पूर्णवेळ समुपदेशक नसलेल्या, एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असलेल्या आणि जवळचा मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटणाऱ्या शाळांसाठी हा लेख लिहिला आहे. अशा शाळेने निदान करायचे नसते आणि उपचारही करायचे नसतात. तिची कामे चारच : पाहणे, ऐकणे, लिहून ठेवणे आणि योग्य माणसाच्या हाती नीट सोपवणे. ही चारही कामे वर्गशिक्षकाला जमण्यासारखी आहेत, मात्र ती ठरवून आणि क्रमाने करावी लागतात.

गरज किती, याचा अंदाज आधी घेऊ. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. पंचावन्न मुलांच्या वर्गाला हे प्रमाण लावले, तर सरासरी चार मुले होतात, आणि यात केवळ दुःखी, घाबरलेली किंवा घरच्या भांडणांनी पिचलेली मुले धरलेली नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा आणि कर्मचाऱ्यांचे वर्षातून दोनदा प्रशिक्षण घ्यावे, असे त्यांत म्हटले आहे. नेमणुकीचे पद मंजूर होऊन माणूस येईपर्यंत किती जून उलटतील, हे शिक्षकांना सांगायला नको. तोवर थांबून राहण्याचे कारण नाही.

पहिली पायरी : माणसे आणि फोन क्रमांक ठरवणे

जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्रवेशाची धांदल चालू असतानाच, मुख्याध्यापकांनी एक शिक्षक व एक शिक्षिका अशा दोघांची नावे निश्चित करावीत आणि परिपाठात मुलांना सांगावे की, कोणालाही काही सांगायचे असल्यास या दोघांकडे जाता येईल. ही जबाबदारी ज्येष्ठतेनुसार किंवा मोकळ्या तासांनुसार वाटू नये. मुले मधल्या सुट्टीत कोणाभोवती घुटमळतात, ते पाहावे. एका शाळेत मुली सगळे काही पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना सांगत असत. तेव्हा त्या मावशींनाच ‘ऐकलेले कोणाला सांगायचे आणि कोणाला सांगायचे नाही’ हे नीट समजावून देणे, हा तिथला सर्वांत शहाणा निर्णय ठरला.

त्यानंतर एका कागदावर फोन क्रमांक लिहून तो कार्यालयात आणि शिक्षकांच्या खोलीत चिकटवावा. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, तेथे मराठीत बोलता येते, आणि एखाद्या मुलाशी कसे बोलावे हे विचारण्यासाठी शिक्षकही तेथे फोन करू शकतो. १०९८ हा संकटातील बालकांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी आणि १८१ महिलांच्या मदतीसाठी आहे. यांच्याखाली आपल्या भागातले क्रमांक लिहावेत : प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, शाळेत तपासणीला येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातले किशोरवयीन मुलांसाठीचे मैत्री क्लिनिक, जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि पोलीस ठाणे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, पण शाळकरी मुलाचा पहिला प्रवास तिकडे सहसा नसतो. जिल्हा रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग त्यासाठी पुरेसा असतो.

यादीतल्या स्थानिक क्रमांकांवर एकदा स्वतः फोन करून पाहावा. मनोविकार विभाग कोणत्या वारी चालू असतो, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, लहान मुलांना कोण पाहते, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे क्रमांकापुढे लिहून ठेवावीत. मुलाला घेऊन पालक दोन एसट्या बदलून गेले आणि त्या दिवशी डॉक्टर नव्हते असे एकदा झाले, की ते पुन्हा जात नाहीत. त्या फेरीत एका दिवसाची मजुरीही बुडालेली असते.

दुसरी पायरी : पाहणे

पाहायचे ते बदल. अबोल मूल अबोल राहिले तर ती त्याची प्रकृती असेल. पण मागच्या बाकावरून सगळ्या वर्गाला हसवणारा मुलगा दोन आठवडे गप्प असेल, तर तिकडे लक्ष जायला हवे. दोन आठवड्यांचा हा अंदाज व्यवहारात बरा पडतो. एखादा दिवस सगळ्यांचाच वाईट जातो. चौदा दिवस टिकलेला बदल मात्र आपोआप जाईल असे मानू नये.

हजेरीपटातले वार हे पहिले साधन आहे. ठरावीक वार, ठरावीक विषयाचा तास, मधल्या सुट्टीनंतर घरी जाणे, चाचणीच्या आदल्या दिवशी येणारा ताप, यांतून नमुना दिसतो. दुसरे साधन म्हणजे वही. अक्षर अचानक विस्कटणे, पान फाटेल इतक्या जोराने खोडणे, समासात पुन्हा पुन्हा काढलेली तीच आकृती, निबंधात आलेले ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे वाक्य. हे तपासताना लाल शाईने शुद्धलेखन दुरुस्त करून पुढे जाऊ नये. तिसरे साधन पानात पडलेली खिचडी किंवा न उघडलेला डबा. लहान मुले ‘मला उदास वाटते’ असे म्हणत नाहीत, ती ‘पोट दुखते’ असे म्हणतात. त्यांचे पोट खरोखरच दुखत असते, तेव्हा त्याला नाटक समजू नये. आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, आणि त्यात काही निघाले नाही तर पोट कोणत्या वेळी दुखते ते लिहून ठेवावे.

मोठ्या मुलांमध्ये दुःख पुष्कळदा रागाचे रूप घेऊन येते. नववीतला मुलगा सारखा मारामाऱ्या करतो, उलट बोलतो, शाळेच्या मागे तंबाखूच्या पुड्या सापडतात, म्हणून त्याला ‘वाया गेलेला’ ठरवणे सोपे असते. त्याच्या पाठीमागे घरातला मृत्यू, कर्ज किंवा स्वतःच्या बुद्धीबद्दलची लाज असू शकते. याउलट, एका जागी बसणाऱ्या, गृहपाठ पूर्ण करणाऱ्या, कोणालाच त्रास न देणाऱ्या मुलीकडे कोणाचेच लक्ष जात नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत उशिरा कळलेली प्रकरणे अशाच मुलींची होती.

ज्या खुणा दिसल्यावर दोन आठवडे थांबायचे नसते, त्या वेगळ्या लक्षात ठेवाव्यात : हातावर कापल्याच्या किंवा चटक्याच्या खुणा, एप्रिलच्या उन्हातही अंगभर कपडे न काढणे, आवडीच्या वस्तू मित्रांना वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे, मरणाबद्दल लिहिणे, आणि कोणी जवळ आले की अंग चोरणे.

एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण आळशीपणाचा शिक्का सर्वांत जास्त तिथेच बसतो. तोंडी उत्तरे चटकन देणारा, पण वाचताना ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत घोटाळणारा, वेलांट्या गाळणारा, फळ्यावरचे चार ओळींचे लेखन तास संपेपर्यंत पूर्ण न करणारा मुलगा पाचवी-सहावीतही तसाच असेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता विचारात घ्यावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ती दिव्यांगत्व म्हणून मान्य आहे. प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र चाचण्या आणि प्रमाणपत्र यांना महिने लागतात. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करण्यापेक्षा सहावी-सातवीतच पाठपुरावा सुरू करावा. तोपर्यंत अशा मुलाला सगळ्या वर्गासमोर उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. एवढे एक थांबवले, तरी त्याच्या दिवसातली अर्धी भीती कमी होते.

तिसरी पायरी : बोलणे, आणि मुख्यतः ऐकणे

जागा आधी पाहावी. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभे केलेले मूल काही सांगत नाही, कारण तिथे उभे राहण्याचा त्याचा अनुभव शिक्षेचाच असतो. व्हरांड्याचे टोक, झाडाखालचा पार, ग्रंथालयातला कोपरा अशी जागा निवडावी, जिथे लोकांना आपण दिसू पण आपले बोलणे ऐकू जाणार नाही. बंद खोलीत एकट्याने बोलू नये. ते मुलासाठी आणि शिक्षकासाठीही योग्य नाही. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसलेले बरे. हाताला काही काम असेल, पुस्तकांना कव्हर घालणे किंवा रोपांना पाणी घालणे, तर बोलणे लवकर सुरू होते.

सुरुवात आपण काय पाहिले यापासून करावी. “गेले दोन आठवडे तू जेवायला पंगतीत येत नाहीस, वर्गातच बसतोस, हे मी पाहिलं. मला काळजी वाटली म्हणून विचारतोय. रागवायला बोलावलं नाही.” या वाक्यात आरोप नाही आणि मुलाला नाकारता येईल असे काही नाही. ‘असं का वागतोस?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. ‘का’ म्हटले की मूल आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहते आणि सुटकेचे उत्तर शोधू लागते.

दहापैकी नऊ वेळा उत्तर येईल, “काय नाय सर.” त्यावर खोदून विचारू नये. “बरं. आज नको वाटत असेल तर नको. मी गुरुवारी परत विचारेन,” असे म्हणावे आणि गुरुवारी खरोखर विचारावे. मुले आपली परीक्षा घेत असतात आणि ती बहुधा याच गुरुवारी घेतात. बोलायला लागल्यावर मध्ये तोडू नये, उपदेश करू नये, ‘तुझ्या वयाचे असताना आम्ही’ ही कथा सुरू करू नये, आणि ‘एवढंसं तर आहे’ असे म्हणू नये. मूल रडू लागले तर पाण्याचा पेला पुढे करून शांत बसावे. दोन मिनिटांची शांतता शिक्षकाला फार लांब वाटते, कारण आपल्याला पस्तीस मिनिटे अखंड बोलण्याची सवय असते.

गुप्ततेचे वचन देण्याआधी थांबावे. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे म्हणून नंतर सांगावे लागले, तर त्या मुलाचा मोठ्या माणसांवरचा विश्वास तिथेच संपतो. आधीच सांगावे : “तू सांगशील ते मी वर्गात किंवा शिक्षकांच्या खोलीत बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे किंवा कोणी तुला त्रास देतंय असं दिसलं, तर मदतीसाठी एक-दोन माणसांना सांगावं लागेल. कोणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन.”

मूल निराशेचे बोलत असेल, तर सरळ विचारावे, “कधी जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का?” विचारल्याने हा विचार मुलाच्या डोक्यात भरतो, अशी एक समजूत शिक्षकांत पक्की आहे आणि ती चुकीची आहे. प्रश्न विचारला गेल्याने ओझे थोडे हलके होते, आणि पुढची पायरी किती तातडीची आहे ते आपल्याला कळते.

चौथी पायरी : लिहून ठेवणे

एक साधी वही, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात. तारीख, वेळ, काय पाहिले, मुलाने काय सांगितले आणि पुढे काय ठरले, एवढेच त्यात असावे. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहावेत. ‘नैराश्य आहे’, ‘घरचे वातावरण बिघडलेले’, ‘मुलगी चंचल’ असे निष्कर्ष लिहू नयेत. ‘१२ ऑगस्ट, दुसरा तास, डोके बाकावर, विचारल्यावर म्हणाला : रातभर झोप न्हाई आली’ ही नोंद डॉक्टरांना उपयोगी पडते. नोंदी ठेवण्याचा शिक्षकांना आधीच कंटाळा आहे आणि तो रास्त आहे. म्हणून सांगतो की ही वही कोणत्याही पोर्टलवर भरायची नसते आणि ती तीन ओळींत संपते.

ही माहिती व्हॉट्सअॅपच्या कोणत्याही गटावर जाता कामा नये, नाव न घेताही नाही. गावात ‘आठवीतली एक मुलगी’ एवढे म्हटले तरी सगळ्यांना कळते.

पाचवी पायरी : पालकांशी बोलणे

मुलाला त्रास घरातूनच होत असल्याची शंका असेल, तर ही पायरी आधी घेऊ नये. त्याविषयी पुढे लिहिले आहे. एरवी पालकांना बोलावताना निरोप मुलाच्या हाती देऊ नये, कारण निरोप पोहोचेपर्यंत त्या मुलाची रात्र जाते. फोन करावा, त्यांच्या कामाची वेळ विचारावी आणि शक्य असल्यास आपणच जावे. बहुतेक ठिकाणी आईच येते. निर्णय मात्र वडील, आजोबा किंवा मामा घेतात, तेव्हा ‘घरातून आणखी कोणाला बोलवू या’ हे तिलाच विचारावे.

पहिल्याच वाक्यात मानसोपचाराचे नाव काढले, की “आमचं पोरगं काय येडं हाय का?” हा प्रश्न येतो आणि संवाद संपतो. झोप, भूक, अभ्यास यांपासून सुरुवात करावी, घरी काय दिसते ते विचारावे आणि ऐकावे. पुष्कळदा घरच्यांनाही बदल जाणवलेला असतो, फक्त त्यांनी तो नजर लागण्यावर किंवा बाहेरच्या बाधेवर घातलेला असतो. तिथे श्रद्धेवर वाद घालण्यात वेळ दवडू नये. “तुम्ही अंगारा लावलात, हरकत नाही, आता डॉक्टरांनाही एकदा दाखवू या,” असे म्हणणाऱ्या शिक्षकाचे पालक ऐकतात. अपवाद एकच : मारणे, चटके देणे, उपाशी ठेवणे असे काही उपचार म्हणून चालले असेल, तर तेथे नरमाईने घेऊ नये. आणि कुठे पाठवतो आहोत याबद्दल खोटे बोलू नये. ‘शक्तीचे डॉक्टर’ म्हणून पाठवलेल्या पालकांनी दारावरची पाटी वाचली, की ते तुमच्याकडे परत येत नाहीत.

सहावी पायरी : सोपवणे

सोबत एक चिठ्ठी द्यावी. पुढील नमुना वापरता येईल : “इयत्ता आठवीतील विद्यार्थी. गेल्या सहा आठवड्यांत अकरा दिवस गैरहजर. सकाळी शाळेच्या वेळी पोटदुखी. आरोग्य केंद्रात तपासणी झाली आहे. पूर्वी खो-खोच्या संघात होता, आता मैदानावर येत नाही. वर्गात झोप लागते. पालकांशी बोलणे झाले आहे. कृपया तपासावे आणि शाळेने काय काळजी घ्यावी ते कळवावे.” शेवटचे वाक्य विसरू नये, त्यामुळेच शाळेचा धागा जोडलेला राहतो.

पहिल्या वेळी शाळेतले किंवा गावातले कोणी, उदाहरणार्थ आशाताई, सोबत गेल्या तर फार फरक पडतो. औषधे सुरू झाली तर ती कोणती आणि का, ही चर्चा शाळेत करू नये. फक्त झोप येते का, तहान लागते का, दुपारची गोळी शाळेत द्यायची आहे का, एवढे पालकांना विचारावे. बरे वाटू लागताच गोळ्या बंद करण्याचा मोह घराघरात असतो, तेव्हा ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका’ हे महिन्यातून एकदा आठवण करून देणे शिक्षकाला शक्य आहे.

तातडीच्या दोन वेळा

मूल मरणाबद्दल बोलत असेल आणि कसे, कधी याचाही विचार त्याने केला असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. एकाने जवळ बसावे, दुसऱ्याने मुख्याध्यापकांना सांगून पालकांना बोलवावे आणि १४४१६ वर फोन करावा. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, सोमवारची वाट पाहू नये. पालकांना घरातली कीटकनाशके, उंदराचे औषध आणि गोळ्या कुलपात ठेवायला किंवा शेजारी ठेवून द्यायला सांगावे. शेतकरी घरात हा एकच उपाय पुष्कळ जीव वाचवू शकतो, कारण तो टोकाचा क्षण बहुधा टिकत नाही, हाताशी साधन नसेल तर ओसरून जातो. काही प्यायल्याचे कळले, तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नये. डबा किंवा बाटली सोबत घेऊन १०८ ने रुग्णालय गाठावे. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने कोणी वेळ घालवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही.

दुसरी वेळ लैंगिक अत्याचाराची. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर असा गुन्हा झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. शाळेने स्वतः चौकशी समिती बसवून मुलीला चार-चार वेळा तेच सांगायला लावू नये, आरोपीला समोर आणू नये, ‘शाळेची बदनामी’ हा शब्द त्या दिवशी उच्चारू नये. मुलाने जेवढे सांगितले तेवढे त्याच्याच शब्दांत लिहावे, “तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही,” असे म्हणावे आणि कळवावे. जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असू नये आणि मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी यावे, असे कायदाच सांगतो. शाळेने त्याची आठवण करून द्यायला संकोचू नये. त्रास घरातल्याच माणसाकडून असेल, तर पालकांना फोन करण्याआधी १०९८ किंवा बाल संरक्षण कक्षाशी बोलावे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने स्थापन झालेली सखी सावित्री समिती तुमच्या शाळेत कागदावर असेलच. तिच्या सदस्यांना हे सर्व जूनमध्येच समजावून द्यावे.

सगळ्या वर्गासाठी

वरची सारी खटपट चार-पाच मुलांसाठी आहे. बाकीच्या पन्नास मुलांना रोजचा वर्गच पुरेसा असतो, फक्त त्या वर्गात अपमान नसावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. छडी गेली, पण टोपणनावे राहिली. गुणांप्रमाणे बाकांचा क्रम लावणे, उत्तरपत्रिका वाटताना गुण मोठ्याने वाचणे, ‘तुझी बहीण बघ’ म्हणणे, जात, रंग किंवा बापाचा धंदा यांवरून विनोद करणे, हे आज दुपारपासून बंद करता येते आणि त्याला निधी लागत नाही.

पहिली ते आठवीसाठी राज्याने २०२४-२५ पासून सुरू केलेला आनंददायी शनिवार हा उपक्रम पुष्कळ ठिकाणी मागे पडलेला अभ्यासक्रम भरून काढण्यात जातो. त्यातली वीस मिनिटे तरी राखावीत. मुलांना गोल बसवून ‘या आठवड्यात राग कशाचा आला आणि मग काय केले’ एवढे विचारावे, बोलायचे नसेल त्याला ‘पुढे’ म्हणण्याची मुभा द्यावी आणि शिक्षकाने आपला एक खरा अनुभव आधी सांगावा. पहिले तीन शनिवार सगळे ‘पुढे’ म्हणतात. चौथ्या शनिवारी कोणीतरी बोलते.

काही मुलांचे वर्ष वेगळ्या वळणाने जाते. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुले ऑक्टोबर ते एप्रिल आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी आईशी फोन, हा कोणत्याही समुपदेशनाइतकाच मोलाचा आधार आहे. ‘वेळ मिळेल तसा’ फोन उपयोगाचा नाही, कारण मूल मग रोजच वाट पाहते. आश्रमशाळेत पहिल्यांदा आलेली मुले पहिल्या पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सर्वांत जास्त कोलमडतात. अंथरूण ओले होणे, रात्री दाराशी जाऊन बसणे, पळून जाणे, हे शिस्तीचे प्रश्न नसून घरच्या आठवणीचे आहेत. त्याच पाड्यावरचे मोठे मूल शेजारच्या खाटेवर ठेवले आणि त्यांच्या बोलीत बोलणारे कोणी असले, तर पुष्कळसे निभते.

दहावीच्या निकालाचा दिवस आधीच आखून ठेवावा. कोण नापास होऊ शकतो हे वर्गशिक्षकाला माहीत असते. निकाल लागताच शंभर टक्क्यांचा फलक लिहायला धावण्याऐवजी त्या पाच-सात घरी पहिला फोन करावा, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळाच भरून देईल, हे मुलाला आणि मुलाच्या बापाला, दोघांनाही सांगावे.

सातवी पायरी : परत येणारे मूल

आजारपण, दुःखद प्रसंग किंवा दवाखाना यांमुळे महिना-दोन महिने बाहेर राहिलेल्या मुलाचा शाळेतला पहिला दिवस अवघड असतो, आणि तो कोणी आखत नाही. आदल्या दिवशी त्याला विचारावे की, वर्गाला काय सांगितलेले चालेल. ‘बरे नव्हते’ एवढेच सांगायचे असेल, तर तेवढेच सांगावे. त्याचा बाक दुसऱ्याला दिला असेल, तर तो मोकळा करून ठेवावा. शेजारी कोण बसेल हे त्यालाच ठरवू द्यावे. राहिलेल्या वह्या पूर्ण करण्याचा हुकूम सोडू नये. दोन विषय निवडून बाकीचे सोडून द्यावेत. पहिला आठवडा अर्धा दिवस चालेल, असे पालकांना सांगावे. आणि हजेरी घेताना त्याच्या नावाशी थांबून ‘अरे वा, उगवले वाटतं’ म्हणू नये. नाव इतरांसारखेच घ्यावे आणि पुढे जावे.

त्या सातवीतल्या मुलीच्या बाबतीत शाळेने केले ते थोडेच होते. आजीचा फोन क्रमांक नोंदवून घेतला, शुक्रवारी होणारी चाचणी सगळ्या वर्गासाठीच सोमवारी नेली, पुस्तकांचा एक जुना संच आजीच्या घरी ठेवला. आईला १८१ क्रमांक आणि जिल्हा रुग्णालयातल्या व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागाचा वार लिहून दिला. वडील एकदा गेले, पुन्हा गेले नाहीत. आजीच्या गावाहून सकाळी एक दुधाची गाडी येते, हे शिपायाला ठाऊक होते, आणि गाडीवाल्याने तिला पुढे बसवून आणायचे कबूल केले. आठवीच्या पहिल्या सत्रात हजेरीपटावर तिच्या नावापुढे दोनच शुक्रवार रिकामे होते.